सर्पगंधा, ससे आणि डॉ. रुस्तम वकील: रक्तदाबाच्या एका जुन्या गोळीची गोष्ट

ऑक्टोबर १९४९. 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात मुंबईच्या एका ३८ वर्षांच्या डॉक्टरचा लेख छापून आला. विषय होता एका झुडपाची मुळी. ही मुळी वाळवून, तिच्या गोळ्या करून दिल्या तर चढलेला रक्तदाब उतरतो, असं त्यांनी ५० रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं होतं. मुळी हे काम नेमकं कसं करते याचं उत्तर मात्र लेखात नव्हतं. तेव्हा ते जगात कुणाकडेच नव्हतं. ते मिळालं सहा वर्षांनी, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, सशांच्या मेंदूतून.

डॉक्टरांचं नाव रुस्तम जाल वकील. झाडाचं नाव सर्पगंधा.

मी नागपूरला औषधशास्त्र शिकवते. रिसर्पिन म्हटलं की वर्गातली मुलं त्याची रचना, मात्रा, दुष्परिणाम घडाघडा सांगतात, परीक्षेला येतं ना! पण वकील कोण, हे विचारलं तर वर्ग शांत. त्यातल्या एखाद्याला 'वकील-गोलवाला' हे पुस्तकाचं नाव आठवतं, बस. म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. यात एक माणूस आहे, एक औषध आहे, एक यंत्र आहे आणि बरेच प्राणी आहेत. औषध शरीरातल्या रसायनांचं काय करतं हे आपल्याला कळतं कसं, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

रक्तदाब चढला तर करायचं काय?

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीचं शिक्षण लंडनला झालं. दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधी ते परत आले आणि परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोगाचं काम पाहू लागले. तेव्हाचं परळ म्हणजे गिरण्यांचं परळ. त्या वॉर्डात त्यांना जे रोगी दिसत होते, त्यातल्या एका मोठ्या गटासाठी त्यांच्या लंडनच्या शिक्षणात जवळजवळ काहीच इलाज नव्हता. तो गट म्हणजे उच्च रक्तदाबाचे रोगी.

आज हे पटायला जड जातं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, सकाळी चहाबरोबर एक घ्यायची आणि कामाला लागायचं. १९४० च्या दशकात परिस्थिती अशी होती की रक्तदाब वाढणं हा वयाचा भाग आहे, कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला तो लागतोच, असं मानणारे नामांकित डॉक्टरही होते. उपाय काय, तर विश्रांती, मीठ बंद, झोपेची औषधं. अमेरिकेत केम्पनर नावाचे डॉक्टर रोग्यांना नुसत्या भात-फळांवर ठेवत. काही ठिकाणी पाठीच्या कण्याजवळचे चेतातंतू शस्त्रक्रियेने कापत. इकडे सेवाग्रामला गांधीजींचा रक्तदाब वारंवार चढत असे आणि मौन, आराम, मातीच्या पट्ट्या हे त्यांच्या उपचारांत असायचं.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याजवळ तर जगातले उत्तमोत्तम डॉक्टर होते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० नोंदवला गेला. हृदय थकल्याचं निदान वर्षभर आधीच झालं होतं. डिजिटालिस होतं, पथ्य होतं, झोपेची गोळी होती. रक्तदाब खात्रीने उतरवून तो उतरलेला ठेवील अशी गोळी नव्हती. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाची ही अवस्था, तर परळच्या गिरणी कामगाराचं काय होत असेल!

मुळी जुनी, मोजमाप नवं

सर्पगंधा वकिलांनी शोधली नाही, हे आधी स्पष्ट करते. बिहार-बंगालच्या बाजूला वेडावर आणि निद्रानाशावर ही मुळी लोक पिढ्यान् पिढ्या वापरत होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचं लिहिलं. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्यातून स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळे काढले. हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला 'अजमलिन' नाव दिलं. १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या कलकत्त्याच्या गटाने प्राण्यांवर प्रयोग केले आणि मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरतो हे पाहिलं. १९३४ मध्ये 'हिमालया'ची 'सर्पिना' ही गोळी बाजारात आली.

मग वकिलांनी वेगळं काय केलं? त्यांनी मोजलं. शिस्तीने, अनेक रोग्यांवर, तेच ते परत परत मोजलं आणि जगाला वाचता येईल अशा जागी छापलं.

हे सोपं वाटतं ना? पण रक्तदाब ही फार लबाड गोष्ट आहे. डॉक्टर समोर आला की चढतो, दोन दिवस वॉर्डात पडून राहिलं की आपोआप उतरतो, ऋतूप्रमाणे बदलतो. एका रोग्याला मुळी दिली आणि रक्तदाब उतरला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून कोणता रोगी घ्यायचा, औषधाआधीचा आकडा कोणता धरायचा, औषध किती दिवस द्यायचं, हे सगळं ठरवावं लागतं. वकिलांनी निवडलेल्या ५० रुग्णांपैकी बहुतेकांचा रक्तदाब काही आठवड्यांत उतरला. एकदम नाही, हळूहळू. औषध थांबवल्यावर तो लगेच उसळला नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

आजच्या निकषांवर हा प्रयोग कमी पडेल. बाजूला खोटी गोळी घेणारा गट ठेवून चिठ्ठ्या टाकून रोगी वाटायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ब्रिटनमधली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ ची. पण आपल्याकडे 'हे तर आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं' म्हणणारे पुष्कळ, आणि वहीत पन्नास रोग्यांचे आकडे मांडणारे थोडे. वकील या दुसऱ्या गटातले.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स नावाचे रक्तदाबाचे तज्ज्ञ होते. त्यांनी हा लेख वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या, आपल्या रोग्यांना दिल्या आणि तेही त्याच निष्कर्षावर आले. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन मुळीच्या मागे लागलेच होते. गंमत अशी की शुद्ध, स्फटिकरूप अल्कलॉइडांकडे सगळ्यांचं लक्ष होतं, आणि खरा गुण मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट भागात होता. १९५२ मध्ये त्यातून त्यांनी रिसर्पिन वेगळं केलं. मुळी शेकडो मिलिग्रॅम द्यावी लागे, इथे पाव मिलिग्रॅम पुरेसं होतं. बाइन यांनी ते प्राण्यांना दिलं तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. प्राणी शांत होत, पण झोपेच्या औषधासारखे बेशुद्ध पडत नसत. हलवलं की जागे होत. हे काहीतरी निराळंच रसायन होतं.

आता सशांकडे येऊ

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांची प्रयोगशाळा होती. त्या इमारतींत रॉबर्ट बोमन या संशोधकाने एक यंत्र बनवलं होतं. नाव लांबलचक आहे, स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर. तत्त्व सोपं आहे. काही रेणूंवर अतिनील किरण टाकले की ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत टाकतात. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि कोणत्या तरंगलांबीवर पाहायचं हे बोमनच्या यंत्रात हवं तसं बदलता येत होतं. सेरोटोनिन तीव्र आम्लात ठेवून २९५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर ते ५५० नॅनोमीटरच्या आसपास चमकतं. चमक जितकी जास्त, तितकं सेरोटोनिन जास्त.

याआधी सेरोटोनिन मोजायचं कसं? प्राण्याच्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा तुकडा मिठाच्या पाण्यात टांगायचा, वर नमुन्याचे थेंब टाकायचे आणि तुकडा किती आकसतो ते पाहायचं. मी स्वतः असे तुकडे टांगले आहेत. तुकडा चांगला असेल तर उत्तर चांगलं येतं, पण त्याचा मूड नसला तर दिवस वाया. बोमनच्या यंत्राने मेंदूच्या एका छोट्या नमुन्यातलं सेरोटोनिन थेट आकड्यात सांगितलं. औषधांच्या अभ्यासात हा केवढा फरक पडला हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

१९५५ मध्ये ब्रोडी, शोर आणि प्लेचर यांनी सशांना रिसर्पिन टोचलं आणि ठरावीक तासांनी मेंदूतलं सेरोटोनिन मोजलं. सुमारे ९० टक्के सेरोटोनिन गायब! ससे कान पाडून, अंग आखडून बसून राहत. आणखी एक कोडं पुढे आलं. औषध स्वतः मेंदूतून काही तासांत जवळपास नाहीसं होत होतं, पण सेरोटोनिन पूर्ववत व्हायला आठवडाभर लागत होता. म्हणजे चोर निघून गेला तरी घर रिकामंच.

लवकरच दुसऱ्यांनीही मोजमापं केली. १९५६ मध्ये मार्थे फोग्ट आणि मारिया होल्झबाउअर यांना मांजरांच्या मेंदूत, आणि स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांच्या गटाला सशांच्या हृदयात नॉरअ‍ॅड्रेनालिनही संपलेलं दिसलं. रक्तदाबासाठी महत्त्वाचं रसायन हे.

गोदाम, कॅरेट आणि बंद दार

हे कसं होतं ते नागपूरकरांना मी संत्र्यांवरून समजावते.

संत्र्याच्या हंगामात मंडईत माल येतो. तो कॅरेटमध्ये भरून ठेवला तर टिकतो आणि हवा तेव्हा काढून विकता येतो. उघड्यावर पडला तर उन्हात दोन दिवसांत सडतो. चेतातंतूच्या टोकाला असंच असतं. तिथे नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन, डोपामिन ही रसायनं बारीक बारीक पिशव्यांमध्ये भरून ठेवलेली असतात. संदेश आला की पिशवी फुटते, रसायन बाहेर पडतं आणि पुढच्या पेशीला निरोप मिळतो. पिशवीत माल आत घेणारा एक हमाल असतो, म्हणजे एक प्रथिन. त्याचं शास्त्रीय नाव व्हीमॅट. रिसर्पिन या हमालालाच धरून बसतं, आणि एकदा धरलं की सहजी सोडत नाही. माल पिशवीत जाऊ शकत नाही, आतला गळत राहतो, आणि बाहेर पडलेला माल तिथलं विकर, ज्याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात, कुजवून टाकतं. गोदाम रिकामं होतं. नवे हमाल येईपर्यंत, म्हणजे नव्या पिशव्या तयार होऊन चेतातंतूच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत, ते रिकामंच राहतं. आठवडा लागतो तो यासाठी.

आता वॉर्डातल्या नोंदी शेजारी ठेवून पहा. रक्तदाब का उतरतो? रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम देणारं नॉरअ‍ॅड्रेनालिनच शिल्लक नाही, म्हणून त्या सैल पडतात. हळूहळू का उतरतो? गोदाम रिकामं व्हायला वेळ लागतो. गोळी बंद केल्यावर लगेच का चढत नाही? ते भरायलाही वेळ लागतो. नाडी मंद का होते? हृदयाकडच्या चेतातंतूंचंही तेच. मुळी घेणाऱ्यांचं नाक का चोंदतं? नाकातल्या रक्तवाहिन्याही सैल पडून फुगतात. पोट का ढिलं होतं? आतड्याला आवर घालणारा हुकूम गेला. झोप, सुस्ती, मनाची शांतता कुठून आली? मेंदूतलीही गोदामं रिकामी.

डॉक्टरांनी रोग्यांच्या खाटेशी उभं राहून टिपलेल्या बारीकसारीक तक्रारी आणि सशाच्या मेंदूतला एक आकडा, या दोन गोष्टी अशा एकमेकींत चपखल बसल्या. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो.

कार्लसन इथे थांबले नाहीत. १९५७ मध्ये त्यांनी रिसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं आणि ते ससे काही मिनिटांत उठून हिंडायला लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन पाहिला होता, त्याने हे झालं नव्हतं. म्हणजे हालचालीसाठी डोपामिन लागतं! यातून पार्किन्सन रोगाचा उपचार निघाला आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. परळच्या मुळीपासून स्वीडनच्या सशांपर्यंत सरळ रस्ता आहे असं मी म्हणणार नाही, मध्ये बरेच जण आहेत. पण रिसर्पिन हाती आलं नसतं तर हा ससा निपचित पडलाच नसता.

मान आणि पुरावा

१९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल मानतात ते. त्या वर्षी ते मनोरुग्णांवर रिसर्पिन आणि क्लोरप्रोमाझिन वापरणाऱ्या क्लाइन, नोस, लाबोरी, डेनिकेर, लेहमन यांच्यासोबत विभागून होतं. वकिलांचं काम रक्तदाबाचं. पुढच्या वर्षी पद्मभूषण, १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार.

पण रक्तदाबाचा आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला का? हा प्रश्न १९६० च्या दशकातही उघडाच होता. आकडा खाली आणणं वेगळं आणि पक्षाघात टाळणं वेगळं. त्याचं उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांमध्ये एडवर्ड फ्रीस यांच्या चाचणीने दिलं. १४३ पुरुष, खालचा रक्तदाब ११५ ते १२९. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला खोटी गोळी, दुसऱ्याला तीन औषधं एकत्र, त्यातलं एक रिसर्पिन. १९६७ मध्ये निकाल जाहीर झाला. खोट्या गोळीच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाले आणि चौघे गेले. औषधाच्या गटात गंभीर त्रास दोघांना, मृत्यू एकही नाही. रक्तदाबावर उपचार करावाच लागतो, हे जगाने मान्य केलं ते इथून पुढे.

सशाने जे सांगितलं नाही

आता दुसरी बाजू. ती नाही सांगितली तर हे नुसतं कौतुक होईल.

गोदाम रिकामं करणारं औषध फक्त रक्तवाहिन्यांचं गोदाम निवडत नाही. १९५० च्या दशकातच मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणारे काही रोगी खिन्न होत असल्याच्या नोंदी आल्या. काहींना जीव नकोसा झाला. सशाला खिन्नता विचारता येत नाही. तो कान पाडून बसतो, आणि ते दुःख आहे की नुसती जडता, हे आपण आपल्या मनाने ठरवतो. तरीसुद्धा 'रिसर्पिन दिलेला प्राणी म्हणजे खिन्न माणूस' हे समीकरण औषधशास्त्रात वर्षानुवर्षं चाललं. पुढच्या फेरतपासणीत रिसर्पिनमुळे खिन्नता येते याचा पुरावा समजला गेला तेवढा भक्कम नाही असं दिसलं. माझं मत विचाराल तर समीकरण कच्चं होतं, पण उपयोगी ठरलं.

विद्यार्थी असताना इथेच नागपुरात मी ते उंदरांवर पाहिलं आहे. रिसर्पिन टोचलं की उंदराच्या पापण्या मिटतात, अंग थंड पडतं, तो जागचा हलत नाही. आधी नैराश्यावरचं इमिप्रामिन दिलेलं असेल तर पापण्या उघड्या राहतात. नवीन औषध नैराश्यावर चालेल का, याची ही जुनी झटपट चाचणी. पण नागपूरच्या मे महिन्यात ही चाचणी करून पहा! अंग गरम ठेवण्याची उंदराची क्षमताच गेलेली असते, त्यामुळे खोली थंड असेल तरच तो थंड पडतो. खोलीत पारा चाळिशीकडे गेला की अंग थंड पडायला जागाच नाही. कूलर बंद पडला की आमचे आकडे बदलत. प्रयोगातला प्राणी कोणत्या खोलीत बसला होता हे विचारल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, हे मी तिथे शिकले. आता असे बरेच प्रयोग विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरच्या सिम्युलेशनवर दाखवतात, प्राणी वापरायचे तर समितीची परवानगी लागते. बरंच झालं. शिकवण्यासाठी तोच उंदीर दरवर्षी मारायची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट हॉर्मोनची. डोपामिनचं एक काम असं की ते पिट्युटरी ग्रंथीला प्रोलॅक्टिन या हॉर्मोनच्या बाबतीत लगाम घालतं. डोपामिन संपलं की लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढतं. उंदरांच्या स्तनांतल्या गाठी प्रोलॅक्टिनवर पोसल्या जातात, हे माहीत होतं. मग रिसर्पिन घेणाऱ्या बायकांचं काय? सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बॉस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास एकदम आले. तिन्हींत रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसला होता. लाखो लोक रोज घेत असलेली गोळी! खळबळ उडाली. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध ठामपणे दिसला नाही, पण अन्नातून रिसर्पिन दिलेल्या मादी उंदरांत स्तनाच्या गाठी वाढल्याचं अमेरिकेतल्या चाचणीत आढळलं. संशय पूर्ण पुसला गेला नाही. तोपर्यंत मूत्रल गोळ्या आणि बीटा-ब्लॉकर आले होतेच, डॉक्टर तिकडे वळले.

ते तीन अभ्यास प्रसिद्ध झाले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. वकील गेले. वय ६३.

मागे काय उरलं

वकील फक्त सर्पगंधेचे नव्हते. अस्पी गोलवाला यांच्यासोबतचं त्यांचं 'फिजिकल डायग्नोसिस' हे पुस्तक रोगी कसा पाहावा, नाडी कशी धरावी, छाती कशी ऐकावी हे शिकवतं. भारतीय डॉक्टरांनी भारतातल्या रोगांसाठी लिहिलेला वैद्यकाचा मोठा ग्रंथ, 'एपीआय टेक्स्टबुक ऑफ मेडिसिन', त्याचे संपादक तेच. या दोन्ही पुस्तकांनी जितके डॉक्टर घडवले तितकं नाव त्यांना लास्करने दिलं नसेल.

झाडाची गोष्ट मात्र फारशी चांगली नाही. जगाला रिसर्पिन हवं झालं तसं जंगलातल्या सर्पगंधेवर लोक तुटून पडले. मुळी काढायची म्हणजे झाड उपटायचं, दुसरा मार्गच नाही. तिचं नाव आता सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. कारखान्यांनी पुढे आफ्रिकेतल्या तिच्या बहिणीकडून, राउवोल्फिया व्हॉमिटोरियाकडून, रिसर्पिन घेतलं.

आठवडी बाजारात पाल टाकून बसलेला जडीबुटीवाला आजही 'बीपीची मुळी' म्हणून काहीतरी देतो. आमच्या ओळखीतले एक काका ती घेत होते, वर डॉक्टरांची गोळीही चालू होती. अहो, असं करू नका. मुळीतलं रिसर्पिन झाडागणिक बदलतं, ती मुळी सर्पगंधेचीच आहे याचीही हमी नाही, आणि आधीच मन खचलेलं असेल, अल्सर असेल, पार्किन्सन असेल तर ती धोक्याची आहे. घेत असाल तर निदान आपल्या डॉक्टरांना सांगा.

राहिला तो हमाल, व्हीमॅट. रिसर्पिन मागे पडलं, पण त्याने दाखवलेला पत्ता उपयोगाचा निघाला. टेट्राबेनाझिन हे त्याच हमालाला हलक्या हाताने, थोडा वेळ धरणारं औषध. हंटिंग्टन रोगात हातपाय आपोआप नाचतात, त्यावर ते देतात. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याची दोन नवी भावंडं मंजूर झाली. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत अतिथंड गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लावून या प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीवर दिसली आहे. त्या चित्रांपैकी एकात दाराच्या बरोब्बर मधोमध रिसर्पिनचा रेणू अडकून बसलेला दिसतो.